दूरचा विमानप्रवास : कंपनी आणि वर्ग यांची निवड

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



संघाच्या या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, विवाहखर्च, विद्यार्थिवसतिगृह, वृद्धांची सोय अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. त्या पंक्तीत विमानाचे तिकीट हा विषय शोभेल काय, अशी शंका कार्यकारी मंडळातील एका ज्येष्ठ सभासदांनी काढली होती, आणि ती गैर नव्हती. आमचे उत्तर एवढेच की, आम्ही बोलणार आहोत ते वृद्धांच्या सोयीविषयीच.

आपल्या ज्ञातीत आज असे घर विरळा, की ज्यातील एखादे तरी अपत्य अमेरिकेत नाही. लेकीचे अथवा सुनेचे बाळंतपण आले की येथून आई-वडील निघतात, पाच-सहा महिने राहतात आणि परत येतात. मेतकूट, भाजणी, लोणची यांची बांधाबांध दोन महिने चालते. तिकिटाचा विचार मात्र मुलाने तिकडून एका संध्याकाळी, स्वस्तात स्वस्त दर पाहून, अर्ध्या तासात उरकलेला असतो. तिकीट काढणारा एक आणि त्या जागेवर बसणारा दुसरा, ही या प्रकरणातील मूळ अडचण आहे. काढणाऱ्याचे वय चाळीस, बसणाऱ्याचे बहात्तर. मुलगा बेफिकीर असतो असा याचा अर्थ नव्हे. उलट पुष्कळदा तो चांगल्या वर्गाची गोष्ट काढतो आणि वडीलच त्याला दटावतात की, बाबा रे, एका रात्रीसाठी एवढे पैसे उधळू नकोस. पण ती एक रात्र असते किती तासांची आणि त्या रात्रीत शरीराचे काय होते, याचा हिशोब दोघांनीही केलेला नसतो. तो आज आपण मिळून करू.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले, ते कैरो व जिनिव्हा येथे उतरत लंडनला गेले. ‘मलबार प्रिन्सेस’ हे त्याचे नाव. पुढे मे १९६० मध्ये याच कंपनीची बोइंग ७०७ जातीची जेट विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली, तीही लंडनला थांबून. त्या प्रवासाला तास अधिक लागत हे खरे. परंतु विमान मध्ये खाली उतरे, माणूस पायउतार होई, चार पावले चाले. आजचे थेट विमान मुंबईहून उडाले की सुमारे पंधरा-सोळा तासांनी न्यूयॉर्कलाच टेकते. एकूण प्रवास आखडला, पण सलग बसणे लांबले. त्यामुळे आसनाचा आणि वर्गाचा प्रश्न मागच्या पिढीला जेवढा होता त्याहून आपल्याला अधिक महत्त्वाचा झाला आहे.

विमानातील हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. जुन्या धाटणीच्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवर असावा इतका कमी होऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए-३५० या नव्या विमानांत ही मर्यादा सहा हजार फुटांच्या आसपास ठेवलेली आहे. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारे चोपन्नशे फूट उंच. तेव्हा नव्या विमानातही आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडे उंचच बसलेलो असू शकतो, आणि जुन्यात सिमल्याहून उंच. हवा इतकी कोरडी की घसा नि डोळे सुकतात. तिशीतल्या माणसाला याचे काही वाटत नाही. दम्याच्या अथवा हृदयविकाराच्या रुग्णाला वाटते. म्हणून अशा व्यक्तीसाठी तिकीट काढताना कंपनी कोणती याआधी विमान कोणते हे पाहावे, आणि तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा; भरल्यानंतर नव्हे.

दुसरी गोष्ट पायांतील रक्ताच्या गुठळीची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या विषयावरील आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तथापि निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच राहतो, असे त्यात आढळले. म्हणजे घाबरून जाण्याजोगे काही नाही. परंतु ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, ज्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे, ज्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत, अशांना हा आकडा लागू पडत नाही. त्यांचा धोका मोठा. या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे एक नाव पडले आहे आणि त्या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. दोष वर्गाचा नसून हालचाल न करण्याचा आहे. मोटार, रेल्वे, बस यांतही तो होतो, आणि महागड्या वर्गात न उठता झोपून राहणाऱ्यालाही होऊ शकतो. यावरून आसनाच्या निवडीसाठी एक सरळ गोष्ट निघते. खिडकीजवळ बसलेला माणूस शेजाऱ्यांना उठवण्याच्या संकोचाने तासन् तास हलत नाही. सत्तरीच्या माणसाला खिडकीतून सोळा तास पाहण्यासारखे काही नसते. त्याला वाटेकडची जागाच घ्यावी, जादा पैसे पडले तरी घ्यावी. धोका अधिक असलेल्यांनी गुडघ्याखालपर्यंतचे घट्ट मोजे डॉक्टरांना विचारून घ्यावेत. कोणी सांगितले म्हणून ॲस्पिरिनची गोळी मात्र आपल्या मनाने घेऊ नये.

आता खुर्चीकडे वळू. लोक आम्हांला विचारतात, ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न आगगाडीविषयी कोणी असा विचारीत नाही. तेथे आपण गाडी कोणती, डबा कोणता, बर्थ खालचा की वरचा असे विचारतो. विमानालाही हीच रीत लावावी. एकाच कंपनीच्या दोन विमानांतील अंतर पुष्कळदा दोन कंपन्यांतील अंतरापेक्षा मोठे असते. बोइंग ७७७ हे विमान घ्या. प्रारंभी बहुतेक कंपन्या त्यात एका रांगेत नऊ खुर्च्या बसवीत. पुढे त्याच रुंदीत दहा बसू लागल्या, तीन-चार-तीन अशा, आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम सतरा इंच आले. ए-३५० मध्ये नऊच्या मांडणीत सुमारे अठरा इंच मिळतात. ए-३८० या दुमजली विमानाच्या खालच्या मजल्यावर दहा खुर्च्या असूनही सुमारे साडेअठरा इंच, कारण विमानच रुंद. बोइंग ७८७ मध्ये बहुतेकांनी नऊ बसवल्या. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या लांबच्या मार्गावरील या विमानांत आठच ठेवल्या, दोन-चार-दोन. पती-पत्नी जोडीने जाणार असतील तर त्या कडेच्या दोन जागांचे मोल मोठे आहे. मध्ये तिसरा नाही, उठवायचे तर आपल्याच माणसाला. एक-दीड इंचाचा फरक ऐकताना क्षुल्लक वाटतो. शेजारी अनोळखी धिप्पाड गृहस्थ बसलेला असला म्हणजे तो क्षुल्लक राहत नाही.

लांबीच्या बाजूने पाहता साध्या वर्गात पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर सामान्यतः तीस ते बत्तीस इंच असते. पुढची खुर्ची मागे कलली की त्यातूनही काही जाते. ज्याचा गुडघा पूर्ण दुमडत नाही त्याने काय करावे? विभाजक भिंतीलगतच्या किंवा आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेत जागा अधिक असते, परंतु दरवाजाजवळची जागा अशक्त व्यक्तीला देत नाहीत, व भिंतीजवळ बहुधा तान्ह्या मुलांचे पाळणे लागतात. नातवंडांवर आपण कितीही प्रेम करीत असलो तरी दुसऱ्याच्या नातवंडाचे रडणे रात्रभर ऐकणे ही वेगळी तपश्चर्या आहे.

येथेच प्रीमियम इकॉनॉमी नावाचा मधला वर्ग विचारात घ्यावा लागतो. तो प्रथम १९९० नंतरच्या दशकात निघाला. त्यात पुढचे अंतर अडतीस इंचांच्या आसपास, रुंदी एक-दोन इंचांनी अधिक, पाय टेकण्यास आधार, व खुर्ची थोडी जास्त कलते. दर बहुधा साध्या वर्गाच्या दीडपट ते दुप्पट. बिछाना मात्र होत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. ‘प्रीमियम’ या शब्दाने फसून आडवे होण्याची अपेक्षा ठेवणारे निराश होतात. एअर इंडियाने जानेवारी २०२४ पासून जी ए-३५० विमाने चालवण्यास घेतली त्यांत बिझनेसच्या २८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ व साध्या वर्गाच्या २६४ जागा आहेत. मधल्या वर्गाच्या जागा इतक्या थोड्या, की सुटीच्या दिवसांत त्या आधी भरतात. ज्यांना तो वर्ग हवा त्यांनी तिकीट लवकर काढण्यावाचून गत्यंतर नाही.

लांब पल्ल्याला साध्या वर्गात माणसाने किती वेळ बसावे, याविषयी खुद्द एका कंपनीने दिलेला कौल आम्हांला बोलका वाटतो. सिंगापूर एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून सिंगापूरपर्यंतचे थेट उड्डाण पुन्हा सुरू केले. अंतर सुमारे पंधरा हजार तीनशे किलोमीटर, वेळ अठरा तासांच्या पुढे. त्यासाठी घेतलेल्या खास ए-३५० विमानात १६१ जागा ठेवल्या. त्यांपैकी ६७ बिझनेसच्या आणि ९४ प्रीमियम इकॉनॉमीच्या. साधा वर्ग त्यात नाहीच. यामागे इंधनाचा व वजनाचा हिशोब आहे, केवळ दयाबुद्धी नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही मुंबईचा प्रवास याहून दोन-तीन तासांनीच कमी आहे, एवढे आमच्या काटकसरी ज्ञातिबांधवांनी मनात आणावे.

बिझनेस वर्गाचा दर साध्याच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहून अधिक असतो. इतके देऊन काय मिळते? सपाट बिछाना. ब्रिटिश एअरवेजने २००० साली या वर्गात पूर्ण सपाट होणारी आसने आणली आणि पुढे ती बहुतेकांना आणावी लागली. परंतु सगळे बिझनेस वर्ग सारखे नाहीत. एक-दोन-एक अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला सरळ वाटेवर उतरता येते. काही कंपन्यांच्या जुन्या बोइंग ७७७ मध्ये मात्र दोन-तीन-दोन अशी मांडणी आढळते, म्हणजे चौपट दाम मोजून माणूस पुन्हा दोघांच्या मध्येच! तिकीट काढण्यापूर्वी आसनांचा नकाशा उघडून पाहावा; तो फुकट दिसतो. पहिल्या वर्गाविषयी बोलण्यात आपला वेळ घालवीत नाही. ज्यांना तो परवडतो त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही.

आणखी एका सापळ्याची सूचना द्यावयास हवी. दोन टप्प्यांच्या तिकिटावर ‘बिझनेस’ असे लिहिलेले असते व दर आश्चर्य वाटावे इतका कमी असतो. बारकाईने पाहता असे दिसते की, तीन तासांचा लहान टप्पा बिझनेसचा आणि चौदा तासांचा मोठा टप्पा साध्या वर्गाचा आहे. याच्या उलट केले तर ते शहाणपणाचे होते. मुंबई ते दुबई अथवा दोहा या लहान टप्प्याला साधा वर्ग घ्यावा आणि पुढच्या लांब टप्प्याला वरचा. काही कंपन्या असे मिश्र तिकीट देतात, विचारावे लागते. युरोपातून जाणाऱ्यांनी हेही जाणून असावे की, युरोपातल्या युरोपात ज्याला बिझनेस म्हणतात ती पुष्कळदा साधीच खुर्ची असते, फक्त शेजारची जागा रिकामी ठेवतात.

पैसे एकाच बाजूपुरते असतील तर ते कोठे खर्चावेत? बहुतेक कुटुंबे जातानाचा प्रवास सुखाचा करतात, कारण उत्साह तेव्हा असतो. आमचे मत उलट आहे. जाताना मुलगा विमानतळावर उभा असतो, घरी गेल्यावर सून हातात चहा देते, चार दिवस झोपून काढले तरी कोणी काही म्हणत नाही. परतताना येथे बंद घर वाट पाहत असते. धूळ झाडायची, पाणी भरायचे, दूधवाल्याला निरोप द्यायचा. शिवाय पूर्वेकडे येताना शरीराचे घड्याळ बसण्यास पश्चिमेकडे जाण्यापेक्षा अधिक दिवस लागतात, हे शास्त्रानेही मान्य केलेले आहे. आणि मनाचे काय? नातवाला सोडून निघालेल्या आजीला त्या रात्री झोप तशीही येत नाही. निदान पाठ तरी टेकावी. म्हणून आशियाकडे येणाऱ्या उड्डाणासाठी वरचा वर्ग घ्यावा, असे आम्ही सांगत आलो आहोत.

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी अमेरिकेहून परतत होते. मुलाचे कंपनीच्या कामाने सतत फिरणे. त्याच्या खात्यात साठलेल्या मैलांवर एक जागा बिझनेसची मिळत होती. एकच. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. गुरुजी म्हणाले, तू पुढे बस. बाई म्हणाल्या, मला इंग्रजी येत नाही, गोळ्यांची वेळ तुमच्या ध्यानात असते, मी एकटी त्या पेटीत काय करू? मुलगा म्हणाला, मग बाबा बसतील. त्यावर गुरुजी जे रागावले ते दोन दिवस बोलले नाहीत. अखेर दोघेही मागेच बसून आले, मैल तसेच राहिले, आणि बाईंना त्यानंतर पंधरा दिवस जिना उतरता आला नाही. या गोष्टीत चूक कोणाची म्हणावी? देणाऱ्याचे मन मोठे होते, नाकारणाऱ्यांचेही. परंतु एकमेकांच्या आधाराने चालणाऱ्या जोडप्याला एक उंच आणि एक साधी अशा दोन जागा देणे म्हणजे आधार काढून घेणे होय. तेच मैल खर्चून दोघांना मधल्या वर्गात शेजारी-शेजारी बसवता आले असते. मुलांनो, तिकीट काढताना प्रथम जोडी अभंग ठेवा, वर्ग त्यानंतर.

मार्गाविषयी थोडे. न्यूयॉर्कच्या बाजूने येणाऱ्यांना थेट विमान, युरोपातून किंवा आखातातून असे पर्याय असतात. कॅलिफोर्नियाच्या बाजूने येणाऱ्यांना पॅसिफिक ओलांडून टोकियो, हाँगकाँग, सिंगापूर असेही येता येते. कोणता मार्ग बरा, याचे उत्तर कायमचे देता येत नाही, कारण आकाशातील वाटा राजकारणाने बदलतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध लादले गेल्यानंतर रशियाचे आकाश अनेक देशांच्या कंपन्यांना बंद झाले. हेलसिंकी ते टोकियो हा फिनएअरचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केले. उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी विमाने वळसा घेऊ लागली, आणि त्या वर्षी १ सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली. २३ जून २०२५ रोजी कतारचे आकाश काही तास बंद झाले, तेवढ्याने जगभरचे वेळापत्रक कोलमडले. यातून आम्ही घेतलेला धडा असा की, वृद्धांसाठी ज्या मार्गावर त्याच कंपनीची दिवसाला एकाहून अधिक विमाने आहेत असा मार्ग बघावा. एक चुकले तर दुसरे मिळते.

थेट विमान की मध्ये थांबा? ज्यांना परक्या विमानतळावर फाटक शोधण्याची धास्ती वाटते त्यांना थेटच बरे. ज्यांचे पाय सुजतात, पण चालण्याबोलण्यात जे तरबेज आहेत, त्यांना मध्ये तीन-चार तासांचा थांबा उपकारक ठरतो. आमच्या तरुण मंडळींना दीड तासाचे जोडविमान पुरेसे वाटते. त्यांनी आपल्या आईच्या चालीने ते अंतर कापून पाहावे. थांबा घेतल्यास संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. वेगवेगळी तिकिटे जोडून हजार-दोन हजार वाचतात, परंतु पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी राहत नाही. अमेरिकेत शिरताना पहिल्या विमानतळावरच सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, हेही वेळेच्या हिशोबात धरावे. अबुधाबीत २०१४ पासून अमेरिकेच्या प्रवेशाची तपासणी तेथेच होण्याची सोय झाली. त्यामुळे तिकडे उतरल्यावर ती रांग लागत नाही. येथल्या बाजूस २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. नागपूर किंवा अन्य गावी पुढे जाणाऱ्यांनी, आपले दुसरे विमान त्याच विमानतळावरून सुटते ना, हे तपासून घ्यावे.

जेवणाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तिकीट काढताना ‘हिंदू मील’ असा पर्याय दिसतो आणि आमची शाकाहारी मंडळी श्रद्धेने तो निवडतात. बहुतेक कंपन्यांत त्याचा अर्थ गोमांस नसलेले, पण मांस असू शकणारे जेवण असा होतो. शाकाहारी भारतीय जेवण हवे असल्यास ‘एशियन व्हेजिटेरियन’ असे नोंदवावे, कांदा-लसूण नको असल्यास ‘जैन’. ही नोंद निदान एक दिवस आधी व्हावी लागते. आकाशात गेल्यावर मागणी करून उपयोग नाही.

चाकांच्या खुर्चीचा विषय नाजूक आहे, तरी बोलणे प्राप्त आहे. ज्यांना लांब चालवत नाही त्यांनी ती निःसंकोच मागावी. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याखाली या मदतीसाठी पैसे घेता येत नाहीत. परंतु चालता येत असूनही केवळ इंग्रजी प्रश्नांच्या भीतीने ती मागणारे आपल्यात थोडे नाहीत. भारताकडे येणाऱ्या विमानाच्या दारी या खुर्च्यांची जी रांग लागते तीत खरोखरीचा लंगडा मनुष्य शेवटी राहतो. ज्यांची अडचण भाषेची आहे त्यांच्यासाठी काही कंपन्यांची सोबत देण्याची सेवा आहे, आणि त्याहून चांगली सोबत म्हणजे आपल्यातलेच कोणी.

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर आम्हांला अनेकांनी विचारले की, सुरक्षित जागा कोणती? विमानातील २४२ पैकी एकच प्रवासी वाचला आणि तो ११-ए या आसनावर होता, म्हणून लोक तो आकडा मागू लागले. ज्या घरांवर तो घाला पडला त्यांच्या दुःखापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण आसनाचा क्रमांक निरनिराळ्या विमानांत निरनिराळ्या ठिकाणी येतो, आणि अपघात सांगून एका बाजूने येत नाही. पट्टा बांधलेला ठेवावा, बाहेर पडण्याचे दार आपल्यापासून किती रांगांवर आहे ते मोजून ठेवावे. जागा मात्र गुडघे, पाठ आणि सोबत पाहून निवडावी.

शेवटी कार्यकारी मंडळाकडे एक मागणी. संघाच्या कचेरीत वधूवरांची नोंदवही आहे, शिष्यवृत्तीची आहे. त्यांच्या शेजारी एक प्रवासाची वही ठेवावी. परदेशी जाऊन आलेल्या प्रत्येकाने तीत तारीख, मार्ग, विमानाची जात, आसनाचा क्रमांक व अनुभव दोन ओळींत लिहावा, आणि जाणाऱ्याने आपली तारीख लिहावी, म्हणजे एकाच विमानाने निघणाऱ्यांची गाठ घालून देता येईल. अध्यक्षांनी तत्त्वतः रुकार दिला आहे. वही आणलेली असून आज भोजनोत्तर चिटणिसांच्या टेबलावर ठेवलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारी आठ-दहा कुटुंबे सभागृहात आहेत असे कळते. त्यांनी आपली नावे आजच लिहावीत.